‘व्हीझिंग’ म्हणजे घरघर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत दम्यावरचा आणि लहान मुलांच्या खोकल्यावरचा असे दोन लेख पाठोपाठ आले. दोन्हींत ‘व्हीझिंग’ला ‘घरघर’ हा प्रतिशब्द दिला होता आणि पुढे लेखभर तोच वापरला होता. हे खापर एकट्या पुरवणीवर फोडण्यात अर्थ नाही. औषधांची माहितीपत्रके, मोबाइलवर फिरणारे आरोग्यसंदेश, अगदी डॉक्टरांनी मराठीत दिलेल्या सूचनांतही हीच जोडी सापडते. पण या एका शब्दावर दम्याचे निदान होते किंवा हुकते, इन्हेलर सुरू होतो किंवा उगाच चालू राहतो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

व्हीझ हा आजार नाही, आवाज आहे. छातीच्या आतल्या श्वासनलिका अरुंद झाल्या की त्यांतून जाणारी हवा सूर धरते, तो सूर म्हणजे व्हीझ. ‘सूर’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण या आवाजाची खूण तीच आहे. तो सलग असतो, त्याला पट्टी असते आणि तो बहुधा श्वास सोडताना येतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या जुन्या व्याख्येत तो २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकणारा आणि ४०० हर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा आवाज होता. पुढे आवाज संगणकावर मोजले जाऊ लागले तेव्हा कालमर्यादा १०० मिलिसेकंदांच्या आसपास आली. या उलट, फुप्फुसात पाणी किंवा कफ असताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ‘क्रॅकल्स’ तुटक असतात. त्यातला प्रत्येक टिचका २० मिलिसेकंदांच्या आतच संपतो, त्यामुळे कानाला त्यात सूर सापडत नाही.

आता ‘घरघर’ म्हटल्यावर मराठी माणसाला काय ऐकू येते? घशात किंवा मोठ्या श्वासनलिकेत साचलेल्या कफातून हवा जाताना होणारा जाड, ओला, खडबडीत आवाज. तो घेताना येतो, सोडतानाही येतो, खोकला की बदलतो, आणि लहान बाळाच्या पाठीवर तळवा ठेवला तर हातालाही कळतो. व्हीझ बारीक असतो, कोरडा असतो आणि एका खोकल्याने सहसा जात नाही. म्हणजे ‘घरघर’ हा शब्द व्हीझच्या जवळपासचा नाही, तो जवळजवळ त्याच्या उलट टोकाचा आवाज आहे.

शिवाय त्या शब्दाला आपल्याकडे दुसरेही एक ओझे आहे. ‘घरघर लागली’ म्हटले की ऐकणारा शेवटच्या घटकेचा विचार करतो. दम्याच्या मुलाच्या आईला ‘छातीत घरघर आहे’ असे सांगून पाहावे, तिचा चेहरा सांगेल. गंमत अशी की स्टेथोस्कोपच्या जनकापुढेही नेमका हाच पेच होता. फ्रान्सचे रेने लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ मध्ये छातीच्या आवाजांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. छातीतल्या सर्व जादा आवाजांना त्यांनी ‘राल’ हा एकच फ्रेंच शब्द घेतला आणि त्याला विशेषणे लावून प्रकार पाडले. पण बोलभाषेत त्या शब्दाला मरतेवेळच्या घरघरीचा वास होता. रुग्ण घाबरू नये म्हणून ते खाटेजवळ त्याऐवजी ‘रॉंकस’ हा लॅटिन शब्द वापरत. त्यांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता. इंग्रजीत गेल्यावर मात्र या दोन शब्दांना दोन वेगळे अर्थ चिकटले, आणि कोणता आवाज ‘राल’ व कोणता ‘रॉंकस’ यावर शंभराहून जास्त वर्षे प्रत्येक शिक्षक आपापले वेगळे शिकवत राहिला. १९५७ मध्ये रॉबर्टसन आणि कूप या दोन इंग्रज डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’मध्ये सुचवले की आवाज सलग आहे की तुटक, एवढेच आधी पाहा, सलग तो व्हीझ, तुटक तो क्रॅकल. रुळलेली नावे काही लगेच सुटली नाहीत. खालच्या पट्टीतल्या, साधारण २०० हर्ट्‌झच्या आतल्या सलग आवाजाला ‘रॉंकस’ म्हणण्याची पद्धत आजही आहे आणि मोठ्या नळ्यांतला कफ हे त्याचे नेहमीचे कारण असते. घरघरीला इंग्रजी जोडीदार शोधायचाच असेल तर तो व्हीझपेक्षा इकडे सापडेल.

सूर श्वास सोडतानाच का येतो, हे कळले की बाकीचा गोंधळ बराचसा आपोआप सुटतो. श्वास घेताना छातीचा पिंजरा फुगतो, फुप्फुस ताणले जाते आणि त्याच्या आतल्या नळ्याही चहूबाजूंनी ओढल्या जाऊन किंचित रुंदावतात. सोडताना नेमके उलट होते. नळीच्या भोवतीचा दाब वाढतो आणि ती आवळली जाते. दम्यात तिचे स्नायू आधीच आकसलेले असतात, आतले अस्तर सुजलेले असते, त्यात चिकट कफ असतो. अशी नळी सोडत्या श्वासात मिटायच्या बेतात येते. त्या फटीतून हवा वेगाने निसटली की समोरासमोरच्या भिंती पिपाणीच्या जिभेसारख्या थरथरतात, आणि थरथरीचा वेग म्हणजेच सुराची पट्टी. ही पट्टी भिंतीची जाडी, तिचा ताठरपणा आणि हवेचा वेग यांवर ठरते. नळीच्या लांबीवर नाही. म्हणून ‘आवाज जितका बारीक तितकी बारीक नळी चोंदलेली’ हे जे सर्रास लिहिले जाते ते चूक आहे. अगदी टोकाच्या बारीक नळ्यांत हवेचा वेग इतका मंद असतो की तिथे सूर निघूच शकत नाही.

गळ्यातला वायुमार्ग छातीच्या पिंजऱ्याबाहेर आहे, त्यामुळे त्याचे गणित उलटे. तो श्वास घेताना आत ओढला जातो. स्वरयंत्राजवळ सूज आली तर आवाज घेताना येतो, गळ्याशी सगळ्यात मोठा ऐकू येतो आणि बरेचदा स्टेथोस्कोपशिवायही दारापर्यंत पोहोचतो. त्याला इंग्रजीत ‘स्ट्रायडर’ म्हणतात. मुलांत त्याचे नेहमीचे कारण क्रूप, म्हणजे विषाणूंमुळे स्वरयंत्राजवळ येणारी सूज. दिवसभर साधी सर्दी आणि रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला, असे त्याचे चित्र असते. क्रूपवर डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड काम करते, त्रास जास्त असेल तर नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रेनॅलिन देतात. साल्ब्युटामॉलने, म्हणजे दम्यात चटकन नळ्या सैल करणाऱ्या औषधाने, इथे काही साधत नाही, कारण ते ज्या स्नायूंवर काम करते त्यांचा या अडथळ्याशी संबंध नसतो. आवाजाच्या एका चुकीच्या नावाने चुकीचे औषध कसे हातात येते, ते इथे दिसते. तिसरा आवाज नाकातला आणि टाळूमागचा, घोरण्याच्या जातीचा. तान्ह्या मुलांबद्दल ‘छाती वाजते’ म्हणून जी तक्रार येते तीत हा आवाज फार वेळा निघतो.

पालकांचा यात दोष नाही. खुद्द लंडनमध्ये, जिथे व्हीझ हा घरचा शब्द आहे तिथे, झालेल्या एका पाहणीत मुलाला व्हीझ आहे की नाही यावर पालक आणि डॉक्टर यांचे एकमत निम्म्यापेक्षा कमी वेळा झाले. काही पालक कुठल्याही आवाजाला व्हीझ म्हणत होते, काही जण आवाज ऐकण्याऐवजी मुलाला लागलेली धाप पाहून तसे सांगत होते. १९९०च्या दशकात मुलांच्या दम्याची जी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात १३-१४ वर्षांच्या मुलांची माहिती ५६ देशांतून गोळा झाली. त्या इंग्रजी प्रश्नावलीतही नुसते ‘व्हीझिंग’ ठेवले नव्हते. ‘गेल्या १२ महिन्यांत तुमच्या छातीत व्हीझिंग किंवा शिट्टीसारखा आवाज आला होता का’ असा प्रश्न होता, आणि कित्येक भाषांत या आवाजाला नेमके नावच नसल्यामुळे अनेक केंद्रांवर मुलांना चित्रफीत दाखवून विचारले गेले. तज्ज्ञांनाही जिथे दाखवून विचारावे लागले, तिथे एका मराठी शब्दाने काम भागेल असे आम्हांलाही वाटत नाही.

मग घरी ओळखायचे कसे? आधी नाक मोकळे करावे. बाळाच्या प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन-तीन थेंब टाकून काही मिनिटे थांबावे, दिसणारा शेंबूड टिपून घ्यावा. आवाज गेला तर तो छातीतला नव्हता. राहिला, तर तो कुठल्या श्वासाला येतो ते पाहायचे. तान्ह्या बाळाचा श्वास इतका जलद असतो की नुसत्या कानाने हे कळत नाही. त्याच्या पोटावर हलका हात ठेवावा. पोट वर येते तेव्हा श्वास आत जातो, खाली बसते तेव्हा बाहेर येतो. आवाज पोट खाली बसताना, बारीक आणि लांबलेला असेल तर तो व्हीझ असण्याची शक्यता जास्त. पोट वर येताना गळ्यातून येत असेल तर स्ट्रायडर समजून चालावे आणि थांबू नये. पाठीवरच्या तळव्याला खरखर लागत असेल आणि खोकल्यावर किंवा कूस बदलल्यावर आवाज बदलत असेल तर बहुधा कफ.

याच वेळी श्वासही मोजावेत. मूल शांत किंवा झोपेत असताना, पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे बाळांत फसवे ठरते, कारण त्यांचा श्वास सारख्या लयीत चालत नाही, मध्येच काही क्षण थबकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरू नये.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट मोबाइलमध्ये आहे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असतो, आणि ‘काल रात्री फार वाजत होते’ एवढ्यावर कोणीच निदान करू शकत नाही. पंखा आणि टीव्ही बंद करून, मुलाच्या अंगातला कपडा वर करून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असे अर्ध्या ते एक मिनिटाचे चित्रण करावे. नुसता आवाज रेकॉर्ड केला तर तो कुठल्या श्वासाचा हे कळत नाही. फोन तोंडापाशी नेला की नाकाचाच आवाज भरतो, म्हणून तो छातीच्या समोर हातभर अंतरावर धरावा.

एक वाक्य मात्र आपल्या लेखातून आवर्जून काढून टाकावे असे आहे: ‘घरघर थांबली की अटॅक ओसरला.’ सूर निघायला हवा वाहावी लागते. दम्याचा झटका फार तीव्र झाला की नळ्यांतून इतकी कमी हवा जाते की भिंती थरथरतच नाहीत आणि छाती गप्प होते. डॉक्टर याला ‘सायलेंट चेस्ट’ म्हणतात आणि ही जिवावरच्या धोक्याची खूण मानतात. आवाज कमी झाला आणि त्याबरोबर माणूस सलग बोलू लागला, मानेचे स्नायू ताणणे थांबले, श्वासांची गती उतरली, तरच ती सुधारणा. आवाज कमी झाला पण एक वाक्य पुरे होत नाही, ओठ निळसर आहेत, मूल सुस्त पडले आहे किंवा पाणी पीत नाही, बोटावरच्या ऑक्सिमीटरमध्ये ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली आहे, यांतले काहीही असेल तर घरी घालवण्यासारखा वेळ उरलेला नसतो. पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजायचे साधन, वापरणाऱ्यांसाठी, स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ३३ टक्क्यांखाली जाणे हाही त्याच पातळीचा इशारा. ऑक्सिमीटर नखांवरच्या रंगाने आणि गार बोटांनी चुकतो, हेही ध्यानात असावे. आणि आकडा चांगला दिसला म्हणून वरच्या बाकीच्या खुणा खोट्या ठरत नाहीत.

दम्याचे निदान आधीच झालेल्या माणसाने रुग्णालयात पोहोचेपर्यंत ताठ बसून रिलिव्हरचा, म्हणजे साल्ब्युटामॉलसारख्या चटकन नळ्या सैल करणाऱ्या इन्हेलरचा, एकेक पफ घ्यावा, दोन पफमध्ये ३० ते ६० सेकंद सोडावेत, दहा पफपर्यंत. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, असेल तर एका वेळी एकच पफ उडवावा. दोन-तीन पफ एकदम उडवले तर औषधाचे कण एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटून छातीत कमीच पोहोचते. स्पेसर कपड्याने पुसल्यावर प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि तीच गत होते. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवावा.

व्हीझ आहे एवढ्यावरून दमा ठरत नाही, आणि व्हीझ नाही म्हणून दमा नाही असेही नाही. निरोगी माणसाने पूर्ण जोर लावून श्वास बाहेर फेकला तरी शेवटी बारीक सूर निघू शकतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांत विषाणूंमुळे होणाऱ्या ब्रॉंकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या सुजेत, व्हीझ येतो, पण तिथे दम्याची औषधे सरसकट देण्याचा फायदा दिसलेला नाही आणि अँटिबायोटिकचा तर नाहीच. ऑक्सिजन, पाणी, नाक मोकळे ठेवणे आणि लक्ष ठेवणे हाच मुख्य उपचार. धडधाकट मुलाला खाता-खेळताना अचानक ठसका लागला आणि मग छातीच्या एकाच बाजूला, एकाच पट्टीतला सूर येत राहिला, तर शेंगदाणा किंवा खेळण्याचा तुकडा आत अडकल्याचा संशय घ्यावा. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. दुर्बीण घालून पाहावे लागते. म्हातारपणी रात्री आडवे झाल्यावर येणारा व्हीझ हृदय कमी पडल्यामुळे फुप्फुसात साचणाऱ्या पाण्याचाही असतो, आणि तिथे नुसत्या इन्हेलरवर रात्र काढणे धोक्याचे. अनेक वर्षे धूर ओढलेल्या फुप्फुसात कधी सूर जवळजवळ नसतोच, फक्त श्वास सोडायला फार वेळ लागतो. जोर लावून पूर्ण श्वास सोडायला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर तपासणी करावी. ती तपासणी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून हवा मोजण्याची, आणि ती साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढचे मूल नीट करू शकते. मोठ्यांत साल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली तर नळ्या औषधाने उघडतात असे सर्रास धरले जाते. निदानाचा भार अशा मोजमापावर असावा, लेखातल्या एका शब्दावर नाही.

तेव्हा सुचवायचे ते एवढेच. आरोग्यविषयक मजकुरात ‘व्हीझिंग’ला एकशब्दी पर्याय देण्याऐवजी पहिल्यांदा ‘श्वास सोडताना छातीत येणारा शिट्टीसारखा आवाज’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे ‘शिट्टी’ किंवा सरळ ‘व्हीझ’ म्हणावे. ‘सोडताना’ हा शब्द जागेअभावी कापू नये. निम्मा अर्थ त्यातच आहे. कफाच्या आवाजाला घरघर किंवा खरखर, नाकाच्या आवाजाला घोरणे, श्वास घेताना गळ्यातून येणाऱ्या आवाजाला स्ट्रायडर, आणि दम लागण्याला धाप. धाप ही माणसाला आतून जाणवते, व्हीझ बाहेरून ऐकू येतो. एक असून दुसरे नसणे रोजचेच आहे. ‘बाळाला व्हीझिंग झाले’ हा प्रयोगही टाळावा. त्याने आवाजाचा आजार होतो आणि मग त्या ‘आजारा’वर औषध मागितले जाते.

लिहिताना ‘विझिंग’, ‘व्हिजिंग’, ‘वीजिंग’ अशी रूपे दिसतात. इंग्रजीतला स्वर दीर्घ आहे आणि शेवटचे व्यंजन ‘माझा’तल्या झ-च्या जवळचे, त्यामुळे ‘व्हीझ’ हे रूप बरे. ‘विझिंग’मुळे दिवा विझल्याचा भास होतो तो निराळाच. इंग्रजी दैनिकांतून भाषांतर करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: ब्रिटिश बोलीत ‘व्हीझ’ म्हणजे शक्कल किंवा डोकेबाज बेत असाही अर्थ आहे. एखाद्या मंत्र्याने नवा ‘व्हीझ’ काढला अशी बातमी आली तर त्यांच्या छातीची काळजी करण्याचे कारण नाही.

पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर ‘घरघर थांबली की अटॅक ओसरला’ या वाक्याची आधी छापावी. प्रतिशब्दाची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात आली तरी चालेल.

आपले,
छातीविकार आणि बालरोग या विभागांत काम करणारे काही डॉक्टर